व्हीपीएन जोडलेलं, तरी ऑफिसचं फोल्डर उघडेना

"दादा, व्हीपीएन हिरवं झालंय, पण हिशेबाचं फोल्डर काही उघडेना. काल मोबाइलच्या नेटवर उघडलं होतं हो."

सांगलीतल्या एका सीए ऑफिसात काम करणाऱ्या ताईंचा हा फोन. घर मिरजेला, मूल लहान, म्हणून आठवड्यातले तीन दिवस घरून काम. महिन्याची १८-१९ तारीख उजाडली की जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची घाई, आणि नेमका तेव्हाच हा फोन यायचा. पहिल्या दोन-तीन वेळा मीही तेच सांगितलं जे सगळे सांगतात: राउटर बंद करून चालू करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. कधी चालायचं, कधी नाही. होता होता ऑफिसात असं बोललं जाऊ लागलं की ताईंनाच ते जमत नाही. हे मला फार लागलं. एकच बिघाड पुन्हा पुन्हा येतो तेव्हा त्याची एक ठरलेली जागा असते, आणि ती शोधायची जबाबदारी जोडणी करून देणाऱ्याची असते, घरी बसून काम करणाऱ्या माणसाची नव्हे.

ती जागा कशी शोधायची, ते इथे लिहितो आहे. छोटं ऑफिस, एक विंडोज पीसी सर्व्हर म्हणून ठेवलेला किंवा एखादा नॅस (नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवायची पेटी), त्यावर शेअर केलेली फोल्डरं आणि बाहेरून येणारी चार-पाच माणसं, अशी मांडणी गृहीत धरली आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायच्या. उदाहरणात सर्व्हरचा पत्ता (आयपी) १९२.१६८.१.१० आणि व्हीपीएनचे पत्ते १०.८.०.० पासूनचे धरले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील.

"कनेक्टेड" दिसतं म्हणजे नेमकं काय झालं

व्हीपीएन म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या दारापर्यंतचा बंदिस्त रस्ता. तो तयार झाला एवढंच त्या हिरव्या खुणेवरून कळतं. दारातून आत गेल्यावर सर्व्हरपर्यंत वाट आहे का, सर्व्हर तुम्हाला आत घेतो का, तुमचं नाव-पासवर्ड त्याला पटतं का, हे सगळं पुढचं. फोल्डर उघडायला यातली प्रत्येक पायरी पार व्हावी लागते आणि एकही अडली तरी विंडोज बहुतेक वेळा तोच ठरलेला संदेश दाखवतं: नेटवर्क पाथ सापडला नाही, शेवटी ८००७००३५ किंवा नुसता एरर ५३. त्या संदेशावरून कारण ठरवायला जाऊ नका.

वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. वायरगार्डमध्ये "ॲक्टिव्ह" लिहिलेलं असतं तेव्हा रस्ता तयार झालेला असेलच असं नाही. पलीकडचा सर्व्हर बंद असला तरी तो ॲक्टिव्हच दाखवतो. खाली "लेटेस्ट हँडशेक" (पलीकडच्या सर्व्हरशी शेवटची ओळख कधी झाली ते सांगणारी) ही ओळ आहे का आणि ती एक-दोन मिनिटांपूर्वीची आहे का, ते पाहा. ओळच नसेल तर फोल्डरचा विचार नंतर, आधी जोडणी. अशा वेळी ऑफिसच्या राउटरमध्ये जाऊन त्याला बाहेरून मिळालेला पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही, तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून आत यायला मग दार राहत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागून घ्यावा लागतो.

पहिले तीन प्रश्न

फोनवर मी आता कमांडच्या आधी तीन गोष्टी विचारतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं का? ऑफिसात बसलेल्यांना तेच फोल्डर आत्ता उघडतं का? आणि कधी उघडतं, कधी नाही, यात दिवस-रात्र किंवा वीज जाण्याशी काही संबंध दिसतो का?

ऑफिसातल्यांनाही उघडत नसेल तर व्हीपीएनचा काही संबंध नाही, सर्व्हर बघा. हॉटस्पॉटवर चालतं आणि घरच्या वायफायवर नाही, असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा पत्त्यांची टक्कर असते. ताईंनी पहिल्याच फोनमध्ये हे सांगितलं होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दोन घरं, एकच पत्ता

खासगी नेटवर्कसाठी पत्त्यांचे तीन गट १९९६ सालीच राखून ठेवले गेले: १० पासून सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ वाले. जागा अफाट आहे. पण राउटर बनवणारे बहुतेक सगळे १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हाच पत्ता घालून डबा विकतात, आणि बसवणारा माणूस तो बदलत नाही. त्यामुळे सांगलीचं ऑफिस १९२.१६८.१ मध्ये आणि मिरजेचं घरही १९२.१६८.१ मध्येच.

आता लॅपटॉपच्या जागी बसून बघा. त्याला १९२.१६८.१.१० कडे जायचं आहे. व्हीपीएन सांगतं, हा गट माझ्या रस्त्याने. वायफाय सांगतं, हा गट तर इथेच, घरातच. दोन्ही मार्ग सारख्याच रुंदीचे, मग लॅपटॉप बहुतेक वेळा जवळचा धरतो आणि सर्व्हरला घरातच शोधत बसतो.

ताईंच्या घरी जाऊन मी सर्व्हरला पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारी कमांड) करून पाहिलं, तेव्हा उत्तर आलं. त्यानेच मी इतके दिवस फसलो होतो. फोनवर विचारायचो, "पिंग होतंय का?" ताई म्हणायच्या, "हो, रिप्लाय येतोय." मग मी सर्व्हरची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारा, तपासत बसायचो. त्या दिवशी मात्र उत्तराची ओळ नीट वाचली. वेळ ३ मिलिसेकंद, टीटीएल (उत्तरासोबत येणारा, वाटेत कमी होत जाणारा आकडा) ६४. ऑफिसच्या सर्व्हरवर विंडोज आहे, आणि विंडोजचं उत्तर १२८ या टीटीएलने निघतं, वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. व्हीपीएनमधून आलं असतं तर १२७ किंवा त्याहून थोडं कमी दिसलं असतं. ६४ हा आकडा लिनक्स किंवा अँड्रॉइडवाल्या यंत्रांचा. घरात फिरून पाहिलं तर हॉलमधल्या स्मार्ट टीव्हीला घरच्या राउटरने नेमका १९२.१६८.१.१० हा पत्ता दिला होता. ताई हिशेबाचं फोल्डर मागत होत्या आणि उत्तर टीव्ही देत होता.

टीव्हीचं बटण बोर्डावरून बंद केलं. आता पिंगचं उत्तर बदललं: "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.५, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल". १९२.१६८.१.५ म्हणजे ताईंचा स्वतःचा लॅपटॉप. असं उत्तर आपल्याच पत्त्यावरून आलं की समजायचं, लॅपटॉपने घरातच हाक मारली, कोणी ओ दिली नाही, आणि व्हीपीएनकडे तो गेलाच नाही. सकाळी एक लक्षण आणि संध्याकाळी दुसरं का, तेही उलगडलं. सकाळी टीव्ही बंद असायचा.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. व्हीपीएन बंद ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाका. वायफायच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे आणि ऑफिसच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असतील तर कारण सापडलं. मग व्हीपीएन जोडून रूट प्रिंट टाका, म्हणजे त्या गटाच्या दोन ओळी एकाखाली एक दिसतील.

तात्पुरता उपाय असा की फक्त सर्व्हरच्या एका पत्त्यासाठी वेगळी वाट घालून द्यायची. लॅपटॉप नेहमी जास्त नेमकी वाट आधी धरतो, म्हणून एका पत्त्याची वाट अख्ख्या गटाच्या वाटेवर मात करते. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरच्या कॉन्फिगमधून १९२.१६८.१.१० साठी २५५.२५५.२५५.२५५ मास्कची रूट पुश करायची, वायरगार्डमध्ये अलाउड आयपीजमध्ये १९२.१६८.१.१०/३२ घालायचं. एवढ्यावर ताईंचं काम त्याच दुपारी सुरू झालं. व्हीपीएन चालू असताना त्या लॅपटॉपवरून टीव्हीकडे काही पाठवता येणार नाही, एवढीच अडचण, आणि ती कोणाला जाणवली नाही.

पण उद्या दुसरा कोणी घरून जोडला, एखादा साहेब हॉटेलच्या वायफायवरून बसला, की पुन्हा तेच. कायमचा इलाज ऑफिसचा गट बदलणं हाच आहे. बदलताना १९२.१६८ चा नादच सोडा. जिओफायबरच्या राउटरवर १९२.१६८.२९ असतं, जुन्या अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटवर १९२.१६८.४३, आयफोनच्या हॉटस्पॉटवर १७२.२०.१०. १०.०.० आणि १०.१.१ सुद्धा नको, तेही बऱ्याच राउटरवर असतात. आम्ही १०.४७.१२ घेतला. असा मधलाच, कुणाच्या मनात सहज न येणारा आकडा निवडावा.

हे काम रविवारी करा आणि आधी कागदावर यादी काढा. संगणक राउटरकडून आपोआप नवे पत्ते घेतील. हाताने पत्ता घातलेली यंत्रं मात्र तशीच राहतात: नेटवर्क प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, अंगठ्याचं हजेरी मशीन, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा लायसन्स सर्व्हर, स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्स मशीन. या शेवटच्याचा आम्हाला विसर पडला आणि सोमवारी सकाळी स्कॅन कुठेच पोहोचेनात.

नावाने उघडत नाही, आकड्याने उघडतं

ऑफिसात सगळे एक्सप्लोररच्या पट्टीत सर्व्हरचं नाव टाकतात, \\सर्व्हर, आणि फोल्डरं समोर येतात. घरून तेच नाव चालत नाही. ऑफिसात हे नाव बहुधा कोणी वहीत लिहून ठेवलेलं नसतं, संगणक एकमेकांना हाक मारून विचारतात, "यातला सर्व्हर कोण?" ती हाक त्याच नेटवर्कपुरती पोहोचते, व्हीपीएनच्या रस्त्याने पलीकडे जात नाही. एक्सप्लोररच्या "नेटवर्क" भागात घरून ऑफिसचे संगणक दिसत नाहीत, तेही याचमुळे. ते दिसत नाहीत म्हणून घाबरून जाऊ नका, दिसायची अपेक्षाच नाही.

\\१९२.१६८.१.१०\हिशेब असा पूर्ण पत्ता टाकून उघडलं तर बाकी सगळं ठीक आहे, फक्त नावाचा प्रश्न आहे. ऑफिसात स्वतःचा डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) असेल तर व्हीपीएनच्या सेटिंगमधून तोच लॅपटॉपला द्या. नसेल तर लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ लिहा, आधी पत्ता, मग नाव. ही फाइल विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या ईटीसी फोल्डरमध्ये असते, आणि नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय सेव्ह होत नाही. चार-पाच लॅपटॉप असतील तर हे पुरतं. पंधरा-वीस असतील तर डीएनएसच करा, नाहीतर पत्ता बदलला की पंधरा घरांत फोन करावे लागतील.

पिंग होतं, नाव ठीक आहे, तरी दार बंद

शेअर केलेलं फोल्डर ज्या पद्धतीने चालतं तिला एसएमबी म्हणतात आणि ती टीसीपी पोर्ट ४४५ वरून बोलते. पोर्ट म्हणजे यंत्राचं एका कामापुरतं, क्रमांक दिलेलं दार. पिंगचा या पोर्टशी काही संबंध नाही. म्हणून तिसरी तपासणी पॉवरशेलमध्ये: टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे सर्व्हरचा पत्ता, पुढे -पोर्ट ४४५. खाली "टीसीपी टेस्ट सक्सीडेड" समोर ट्रू आलं तर वाट मोकळी, प्रश्न नाव-पासवर्डचा. फॉल्स आलं तर कोणीतरी दार लावलंय.

दार लावणारी बहुतेक वेळा सर्व्हरवरची विंडोज फायरवॉल असते, आणि तिची एक सवय फार थोड्या लोकांना माहीत असते. डोमेनमध्ये (एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्यात) नसलेल्या संगणकावर फाइल शेअरिंगचा जो नियम असतो त्याची हद्द "लोकल सबनेट" एवढीच ठेवलेली असते. त्याच गटातल्या पत्त्यावरून कोणी आलं तर आत घ्यायचं, बाहेरच्या गटातून आलं तर नाही. ऑफिसातले सगळे १९२.१६८.१ वाले, म्हणून त्यांना उघडतं. व्हीपीएनवाला १०.८.० मधून येतो, म्हणजे फायरवॉलच्या लेखी परका. ऑफिसात शंभर टक्के चालतं आणि व्हीपीएनवरून एकदाही नाही, असं असेल तर आधी हेच बघा.

सर्व्हरवर प्रगत फायरवॉल उघडा, इनबाउंड रूल्समध्ये "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, एसएमबी-इन" शोधा, स्कोपच्या टॅबमध्ये रिमोट आयपीखाली १०.८.०.०/२४ ही ओळ वाढवा. "एनी" निवडायचा मोह होतो, करू नका, आपल्याला फक्त व्हीपीएनवाले आत घ्यायचे आहेत. प्रायव्हेट प्रोफाइलचा नियम वेगळा आणि पब्लिकचा वेगळा, सर्व्हरवर आत्ता कोणतं प्रोफाइल लागू आहे ते पाहूनच बदल करा. राउटर नवा घेतला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि प्रोफाइल पब्लिक होऊन बसतं. "राउटर बदलल्यापासून बंद" या तक्रारीत मी पहिल्यांदा हेच बघतो. सर्व्हरवर वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही व्हीपीएनचा गट विश्वासू म्हणून नोंदवावा लागतो.

फायरवॉल ठीक असूनही फॉल्स येत असेल, तर जाणारी वाट आहे पण परतीची नाही, असं असू शकतं. व्हीपीएन राउटरवरच चालत असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. पण वेगळ्या पीसीवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालत असेल तर बघा: निरोप १०.८.०.२ कडून सर्व्हरपर्यंत पोहोचतो, सर्व्हर उत्तर राउटरकडे देतो, आणि राउटरला १०.८.० कुठे आहे हे ठाऊकच नसतं, तो उत्तर इंटरनेटकडे ढकलून देतो. सर्व्हरवर बसून ट्रेसआरटी १०.८.०.२ टाका. पहिली पायरी राउटर आणि पुढच्या पायऱ्या इंटरनेट कंपनीच्या दिसल्या की हेच कारण. राउटरमध्ये एक स्टॅटिक रूट घालायचा: १०.८.०.० चा गट, गेटवे म्हणजे व्हीपीएन चालवणाऱ्या यंत्राचा ऑफिसातला पत्ता.

पासवर्ड बरोबर आहे, तरी नाकारतो

इथपर्यंत आलात म्हणजे सर्व्हर बोलतोय. आता जो एरर येईल त्याला अर्थ आहे, तो वाचा. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ५ म्हणजे ओळख पटली पण फोल्डरवर परवानगी नाही. १२१९ म्हणजे याच सर्व्हरला तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात, आणि विंडोज एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडू देत नाही. तेव्हा नेट यूज * /डिलीट टाकून जुन्या जोडण्या तोडा आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्या सर्व्हरच्या जुन्या नोंदी असतील त्या काढून टाका.

माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती पिनमध्ये. लॅपटॉप रोज चार आकडी पिनने उघडतो म्हणून इथेही पिन टाकतात. शेअर फोल्डरला पिन चालत नाही, सर्व्हरवर असलेल्या खात्याचा पासवर्डच लागतो. नाव टाकतानाही आधी सर्व्हरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव असं लिहा, म्हणजे लॅपटॉप स्वतःचं खातं पुढे करत नाही.

विंडोजमधलंच अंगभूत व्हीपीएन वापरणाऱ्यांना एक वेगळाच त्रास होतो. व्हीपीएनला दिलेलं नाव-पासवर्ड विंडोज लक्षात ठेवतं आणि शेअर फोल्डरलाही आपणहून तेच पुढे करतं. सर्व्हरला ते नाव माहीत नसतं, तो नाकारतो. व्हीपीएन तोडलं की ऑफिसात सगळं चालतं, म्हणून संशय भलतीकडेच जातो. उपाय आहे. तुमच्या युजरच्या ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, नेटवर्क, कनेक्शन्स, पीबीके या वाटेवर रासफोन नावाची फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडा, आपल्या व्हीपीएनच्या नावाखाली "यूज रास क्रेडेन्शियल्स" ही ओळ शोधा आणि १ च्या जागी ० करा. व्हीपीएन तोडून पुन्हा जोडा.

नॅस वापरणाऱ्यांसाठी थोडं. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो मध्येही पासवर्डशिवायची गेस्ट जोडणी चालत नाही आणि एसएमबीवर सहीची, म्हणजे प्रत्येक निरोप खरा असल्याच्या डिजिटल खुणेची, सक्ती आहे. "अपडेट झालं आणि फोल्डर गेलं" असं झालं असेल तर नॅसवर खरं खातं आणि पासवर्ड करा, त्याचं फर्मवेअर नवं करा. ही सुरक्षा बंद कशी करायची ते सांगणारे बरेच भेटतील. एसएमबी १ ही जुनी आवृत्ती पुन्हा चालू करा म्हणणारेही भेटतील. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले ते एसएमबी १ मधल्याच भोकातून, आणि त्यावरची दुरुस्ती त्याआधी दोन महिने, मार्चमध्ये येऊन पडलेली होती. कोणत्याही फोल्डरसाठी ते भोक पुन्हा उघडू नये.

वीज गेली की बंद पडतं

आपल्याकडे हे कारण इतकं नेहमीचं आहे की वेगळं सांगायला हवं. दुरुस्तीसाठी चार तास वीज गेली, आली, सगळी यंत्रं एकदम सुरू झाली, राउटरने पत्ते नव्याने वाटले. काल पत्त्याच्या शेवटी १० असलेला सर्व्हर आज १४ वर. ऑफिसातले नावाने उघडतात म्हणून त्यांना फरक कळत नाही, घरून आकड्याने उघडणाऱ्याचं मात्र बंद. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सोय) रिझर्व्हेशनमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून आकडा पक्का करा. पाच मिनिटांचं काम आहे.

सर्व्हर म्हणून साधा पीसी ठेवलेला असेल तर तो झोपी जात नाही ना तेही बघा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" हवं, आणि बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग चालू हवं. रात्री नऊनंतर फोल्डर गायब होण्याची एक तक्रार मी महिनाभर ऐकली होती, कारण एवढंच होतं की ऑफिस रिकामं झाल्यावर अर्ध्या तासाने तो पीसी झोपायचा.

मॅप केलेल्या झेड ड्राइव्हवर लाल फुली दिसते, ती बहुतेक वेळा बिघाड नसतोच. लॅपटॉप सुरू होताना विंडोज ड्राइव्ह जोडायला जातं, तेव्हा व्हीपीएन अजून जोडलेलं नसतं. ताईंच्या डेस्कटॉपवर मी एक छोटी बॅच फाइल ठेवली: आधी नेट यूजने जुना झेड काढते, मग नवा जोडते, /पर्सिस्टंट:नो लावून. व्हीपीएन जोडलं की तिच्यावर दोनदा क्लिक करायचं.

फोल्डर उघडतं, फाइल अडकते

यादी दिसते, छोटी फाइल येते, मोठी कॉपी करायला गेलं की थोडी जाते आणि थांबते. हे लक्षण एमटीयूचं, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचं. नेटवर एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा आकार साधारण १५०० बाइट, पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडणाऱ्या) ब्रॉडबँडवर १४९२. व्हीपीएन त्याला स्वतःचं वेष्टण घालतं, म्हणून आतलं पाकीट लहान हवं. ते लहान केलं नाही तर मोठी पाकिटं वाटेत गळतात आणि छोटी सुखरूप पोहोचतात.

व्हीपीएन जोडून पिंग -एफ -एल १३७२ आणि सर्व्हरचा पत्ता टाका. उत्तर आलं तर आकडा वाढवा, नाही आलं तर दहा-दहाने कमी करा. ज्या मोठ्यात मोठ्या आकड्याला उत्तर येतं त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. वायरगार्ड १४२० धरून चालतं. अडत असेल तर कॉन्फिगमध्ये एमटीयू १३८० लिहा, तरीही अडलं तर १२८०. ओपनव्हीपीएनमध्ये एमएसएस-फिक्स (पाकिटाचा आकार मर्यादित ठेवणारं सेटिंग) कमी करा.

चालतं, पण फार हळू

इथे काही बिघडलेलं नसतं, आणि हेच लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. एसएमबी फार विचारपूस करत काम करतं: फाइल आहे का, किती मोठी, परवानगी काय, आता पुढचा तुकडा दे. समजा एका कामाला अशा ५,००० फेऱ्या लागल्या. ऑफिसात एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, अडीच सेकंदांत काम झालं. घरून एक फेरी ४० मिलिसेकंदांची, तेच काम २०० सेकंद. घरचं नेट १०० वरून ३०० एमबीपीएस केलंत तरी फेरीची वेळ तेवढीच राहते. शिवाय घरी फाइल उतरते तेव्हा ऑफिसच्या लाइनचा अपलोड वेग कामाला येतो. तो १० एमबीपीएस असेल तर १०० एमबीच्या फाइलला किमान ८० सेकंद लागणारच.

एक्सेल, वर्ड, पीडीएफ यांच्यासाठी हे चालवून घेता येतं. फाइल आधी लॅपटॉपवर कॉपी करा, काम करा, परत टाका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा किंवा ॲक्सेसचा डेटाबेस मात्र व्हीपीएनच्या फोल्डरमधून थेट उघडू नका. नोंद लिहिता लिहिता जोडणी तुटली तर अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहते. एका ऑफिसात यातून तीन दिवसांच्या नोंदी पुन्हा घालाव्या लागल्या, मुलगी रडकुंडीला आली होती. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप वापरा: सॉफ्टवेअर ऑफिसातल्याच पीसीवर चालतं, घरी फक्त त्याचा पडदा दिसतो, लाइन तुटली तरी तिकडे काम जागच्या जागी राहतं. ज्या पीसीवर जायचं त्यावर विंडोज प्रो हवं, होममध्ये ही सोय नाही, आणि एका पीसीवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो.

हे सगळं करून कंटाळलेला माणूस शेवटी म्हणतो, व्हीपीएन राहू दे, राउटरवर ४४५ पोर्टच बाहेर उघडून देऊ. कृपा करून असं करू नका, रिमोट डेस्कटॉपच्या ३३८९ चंही करू नका. या दोन पोर्टांवर दिवसरात्र कोणी ना कोणी दार ठोठावत असतं, आणि आत लोकांचे पॅन, बँक खाती, पगारपत्रकं आहेत.

मदत मागताना मला, किंवा तुमचं नेटवर्क जो बघतो त्याला, एवढं पाठवा: व्हीपीएन जोडण्याआधीचा आयपीकॉन्फिग, जोडल्यानंतरचा रूट प्रिंट, पिंगच्या उत्तराची पूर्ण ओळ टीटीएलसकट, ४४५ च्या तपासणीत ट्रू आलं की फॉल्स, आणि हॉटस्पॉटवर चालतं का. फोटो काढून पाठवलात तरी चालेल, फक्त आकडे वाचता येतील असा काढा. मिरजेच्या ताईंचा शेवटचा फोटो माझ्याकडे अजून आहे. ऑफिसचा गट बदलल्यानंतरच्या सोमवारी घरच्या वायफायवरून काढलेला, टीव्ही चालू असताना. उत्तर १०.४७.१२.१० कडून, वेळ २१ मिलिसेकंद, टीटीएल १२७.